टोस्टपुरती परवानगी

कॅलूरा,
१४ ऑगस्ट

प्रिय मर्लताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? बहिणीच्या घरी निदान जिने तरी नसतील. इथे हिवाळ्यातली ऊसतोड ऐन भरात आहे, रोज शेतं पेटवतात. वाळत घातलेल्या चादरींवर काजळी येऊन बसते आणि मी रोज कारखान्याच्या नावाने खडे फोडते.

तुम्ही शाळा सोडून गेल्यापासून तुमच्या जागी समुपदेशक मिळालीय. दर गुरुवारी व्हिडिओ कॉलने पडद्यावर येते. मुलांना चेहऱ्यांची चित्रं देते, आज कसं वाटतंय त्यावर गोल करायचा. आमची ट्रूडी दर वेळी हसऱ्यावरच करते. का गं, विचारलं तर म्हणे, "लवकर सोडतात."

पालकसभेत "सरकारी शाळेत चर्चची बाई कशाला?" असं तुमच्याबद्दल मोठ्याने विचारणारी मीच होते, ते तुम्ही ऐकलंच. त्या मताबद्दल मला आजही पस्तावा नाही. डगच्या दफनाच्या वेळी पाद्रीबुवा म्हणाले, "देवाला डग हवा होता." आणि मला नको होता? गाडीसकट ओढ्याच्या पुरात गेला माझा नवरा! तेव्हापासून देवाच्या खात्याशी माझं बोलणं बंद आहे.

म्हणून ट्रूडीला तुमच्या खोलीत बोलायला बसू द्यायच्या परवानगीपत्रावर मी सही दिली नाही. शाळा भरण्याआधी तुम्ही मुलांना टोस्ट द्यायचात, त्याला सही लागत नव्हती, एवढंच.

परवा रविवारी तिच्यापुढे टोस्ट ठेवला. पोरीने त्यावर लोणी आणि ते काळं खारट व्हेजमाइट लावून तो माझ्याकडे सरकवला. मग दुसऱ्यावर लावलं, मग तिसऱ्यावर.

"अगं, खाणार कोण एवढं?"

"शाळेत मी सगळ्यांचे लावायचे. लावत असलं की मर्लजवळ उभं राहता यायचं."

मला हे माहीत नव्हतं हो.

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, बाबा अजून ओलाच आहे का?"

"नाही गं राणी. त्याला कोरडा सूट घातला होता, निळा. मीच इस्त्री केली होती."

तिला हायसं वाटलं. "बरं. मग आता कुठे आहे?"

मी उठून बशा घासायला लागले.

पाठीमागून आवाज आला, "मर्लला विचारलं होतं. ती म्हणाली, आई हो म्हणाली तर सांगेन."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू रडली असतीस."

पालकांच्या सहीशिवाय मुलांशी देवाधर्माचं बोलायचं नाही, हा नियम तुम्ही पाळलात. मोडला असतात तर मी तक्रार केली असती. आणि आता वाटतं, मोडायला हवा होतात. दोन्ही खरं आहे.

माझ्याकडे उत्तर नाही, मर्लताई. तुमचं मला पटणारही नाही. पण ती जेवत नाही आणि मला सांभाळत बसते. नऊ वर्षांच्या पोरीने आईला का सांभाळावं? तिला पत्र लिहा. तुम्हाला खरं वाटतं तेच लिहा, माझी भीड धरू नका. पाकिटावर तिचं नाव घाला. मी फोडणार नाही.

माझ्या परवानगीशिवाय तुम्ही तिच्याशी बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तेव्हा दिली नाही ती सही आज करते.

नोरीन बॅरक्लो
ट्रूडीची आई