एमच्या डोक्यावरचा दोन

स्वानंदी,
तू इस्त्रीवाल्याकडे गेलीस तेवढ्यात मुलाखतीत पडद्यावर दाखवायला छापून आणलेल्या तुझ्या ट्रान्सपरन्सी, त्या पारदर्शक शीट्स, पाहिल्या. चौरस मीटरचा दोन एमच्या डोक्यावर हवा, तो शेजारी येऊन बसलाय! कॉम्प्युटरवर त्याला वर चढवायला गेलो, तर पुढची सगळी ओळच मुंगीएवढी होऊन वर गेली. काय दाबलं कोण जाणे. खाली येईना, म्हणून बंद केला. सेव्ह झालं की काय, तेही कळलं नाही. शेवटी छापलेला दोन ब्लेडने खरवडून पेनाने वर काढलाय. शाई ओली आहे, हात लावू नकोस.

सुनेने नोकरी करू नये, हे माझं मत कायम आहे. का, ते मात्र आत्ता आठवेना.

सांगलीची बस चुकवू नकोस. मयूरीला शाळेतून मी आणतो. पुढेही आणीन.

अण्णा