कागदावरच्या दोन बाटल्या

५ जुलै, शनिवार
सकाळी कपडे इस्त्रीला दिले. मेट्रोचं कार्ड भरलं. दुपारी झोपले. अण्णा चिकपेटला जाऊन आले, पिशवीत गुडघ्याच्या तेलाच्या दोन बाटल्या. आईचं तेल. आईला जाऊन या महिनाअखेर तीन महिने होतील.
मागच्या आठवड्यात मीच फळीवरच्या दोन्ही बाटल्या रत्नम्माला दिल्या होत्या. आमच्याकडे भांडी घासते, तिचेही गुडघे दुखतात. अण्णांना सांगितलं नव्हतं. आज शनिवार, त्यांनी कपाटाच्या दाराला आतून लावलेला आईचा कागद बघून सामान मोजलं. कागदावर तेल दोन, फळीवर एकही नाही. गेले, आणलं.
"अण्णा, हे आता कुणाला?"
"कागदावर आहे."
वर्तमानपत्र उघडलं. विषय संपला.

८ जुलै, मंगळवार
मेट्रोत के. आर. पुरमपर्यंत उभीच. ऑफिसात दिव्या रडकुंडीला आलेली. नवीन मुलगी, निपाणीची, माझ्याशी मराठीत बोलते. जुना एक प्रोग्राम बंद करायचा होता, तर ती त्याचे पॉड, म्हणजे चालू प्रती, हाताने उडवत बसली होती. उडवला की दुसरा उभा.
"मॅडम, तीनदा मारला. भूत आहे का?"
म्हटलं, फाइल उघड. फाइलमध्ये लिहिलंय तीन हवेत. मशीनवरची कामं सांभाळणारं कुबरनेटिस सतत मोजत असतं, कमी दिसलं की आणून ठेवतं. तू कुणाशी भांडतेयस? फाइल बदल.
"आणि मॅडम म्हणू नकोस."
"मग अक्का म्हणते."
बरं म्हटलं.
परतताना मेजेस्टिकला गाडी बदलताना लक्षात आलं, की घरी मी तेच करतेय.

१२ जुलै, शनिवार
बुधवारी पुन्हा दोन्ही बाटल्या रत्नम्माला दिल्या होत्या. आज अण्णा पुन्हा चिकपेट. पुन्हा दोन. पाऊस होता, भिजून आले.
रत्नम्मा मला स्वयंपाकघरात हळूच, "साकु अक्का, पुरे. गुडघे दोनच आहेत, बाटल्या चार झाल्या."
हसले. बऱ्याच दिवसांनी.

१७ जुलै, गुरुवार
आज नव्या आठ जणांना क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारी मशीनं, समजावून सांगायचं होतं. मला बोलायचा कंटाळा. दरवेळी चित्रं दाखवते आणि बसते. आज कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून आईचा कागद सांगितला.
आई मुलींच्या वसतिगृहाच्या कोठीवर होती, बावीस वर्षं. सातवी शिकलेली. कोठीच्या दाराला आतून कागद: काय, किती. डाळीचे डबे इतके, मीठ इतकं, काडेपेट्या इतक्या. बायकांना सांगून ठेवलेलं, "संपलं म्हणून मला सांगत येऊ नका. कागद बघा, मोजा, कमी ते आणून ठेवा." घरच्या कपाटाचा कागदही त्यातलाच.
म्हटलं, हेच आहे सगळं. काय हवं ते लिहून ठेवायचं. कसं करायचं ते सांगत बसायचं नाही. मोजणारा मोजत राहतो.
एकाने विचारलं, "और आपकी मम्मी छुट्टी पे गईं तो?"
एकदा तिचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे घरी होती. वसतिगृहात एक जेवण चुकलं नाही. परत गेली तेव्हा मुलींनी विचारलं, तुम्ही रजेवर होतात? कधी? ती नाराज झाली असेल असं आम्हाला वाटलं. ती तर शेजारीपाजारी सांगत सुटली, "मी नव्हते ते कळलंसुद्धा नाही त्यांना!"
आठही जण हसले. एकाने वहीत दार काढलं, दारावर कागद. आई आता नाही ते सांगितलं नाही. गरज नव्हती. माझी मान ताठ होती एवढं खरं.

२२ जुलै, मंगळवार
फाइल बदल, असं दिव्याला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. म्हणून काल ऑफिसात कागद नव्याने टाइप केला. सगळ्या ओळी तशाच, तेलाची सोडून. प्रिंट काढली. सकाळी अण्णा आंघोळीला गेलेले असताना आईचा कागद काढून तिथे लावली.

२३ जुलै, बुधवार
प्रिंट माझ्या टेबलावर, नीट चार घड्या घातलेली. आईचा कागद जागेवर, चारही कोपऱ्यांना नवी टेप.
अण्णांनी माझ्या चहात साखर घातली नाही. त्यांचा राग असाच.

२९ जुलै, मंगळवार
मासिक श्राद्ध. रजा. भटजी नऊला आले, अकराला गेले. रत्नम्मा जेवून गेली.
फोन दिवसभर वाजला नाही. ऑफिसचा फोन आला की आई आधी गॅस बारीक करायची, मला नीट ऐकू यावं म्हणून. मग माझ्या तोंडाकडे बघत उभी. आज मीच तीनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना.
संध्याकाळी कळलं. दुपारी एक मशीन बंद पडलं. त्यावरची कामं आपोआप बाकीच्या मशीनवर गेली, एक सोडून. त्या पॉडने फाइलमध्ये मेमरी इतकी मागितली होती की तेवढी जागा कुठेच नव्हती, ताटकळत राहिला. दिव्याने शोधलं. हाताने काही केलं नाही. फाइल बदलली, दुसऱ्याकडून तपासून घेतली, मगच चालू यंत्रणेत घातली. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट त्यावर चालतात, एकाचाही फोन नाही.
"मला का नाही कळवलंस?"
"तुम्हीच लिहून ठेवलंय की सगळं, अक्का. काय विचारायचं?"
क्षणभर मनाला लागलं. मग आई शेजाऱ्यांना सांगत सुटली होती ते आठवलं.
अण्णांना सांगितलं. म्हणाले, "पोरगी तयार केलीस." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या आईनं केली असती तशी."
हे इथे लिहून ठेवते.

२ ऑगस्ट, शनिवार
अण्णांनी मोजलं. तेल दोन आहे. मी आता उचलत नाही.
जेवताना म्हटलं, चुकलं माझं. आमच्या ऑफिसात एकट्याने केलेला बदल आत जात नाही. दुसऱ्याने बघून हो म्हणावं लागतं. मी तुम्हाला न विचारता कागद बदलला.
अण्णा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. म्हणाले, "आमच्या ड्रॉइंगवरसुद्धा दोन सह्या लागत. काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. त्याशिवाय कागद खाली मशीनवर जायचा नाही."
मग त्यांच्यासमोरच आईच्या कागदावर, तेलाच्या दोनच्या शेजारी, पेन्सिलीने शून्य लिहिलं. पुढे दोन बारीक चौकटी काढल्या.
"दोघांच्या सह्या झाल्या तर. नाहीतर दोनच राहू देत."
"बघू," म्हणाले. ताक मागितलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
अण्णा तुमकूरला, आत्याच्या नातीचं बारसं. सोमवारी येतील. रिक्षात बसताना, "शनिवारचं तू बघ."
रत्नम्माने तेलाची एक बाटली मागून नेली, बहिणीसाठी.

९ ऑगस्ट, शनिवार
पोहे केले. सवयीने जास्त झाले.
दहा वाजता कपाट उघडलं. काडेपेट्या तीन, बरोबर. मीठ दोन, बरोबर. साबण चार हवेत, तीन आहेत. तेल एक.
शून्यापुढच्या दुसऱ्या चौकटीत अण्णांची सही. बारीक, तिरकी, ड्रॉइंगवर करायचे तशी. जाण्याआधी केली असणार. मला सांगितलं नाही. पहिली चौकट, माझी, रिकामी.
पेन्सिल फ्रिजवर होती. टोकही होतं. हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. आईचं दोन बघत. तिचा दोनाचा आकडा खाली लांब ओढलेला असतो.
पेन्सिल परत ठेवली.
साबण कोपऱ्यावर मिळाला. तिथून तशीच स्टेशनवर गेले. चिकपेटला दुकानदाराने मला ओळखलं नाही. तेलाचं नाव सांगितल्यावर मात्र, "तंदे बरलिल्वा?" वडील नाही आले? गावाला गेलेत म्हटलं. त्याने दोन बोटं दाखवली. मी एक.
घरी येऊन बाटली फळीवर ठेवली, लेबल पुढे. शेजारी साबण. मग वरच्या ओळीपासून सगळं पुन्हा मोजलं आणि कपाटाचं दार लावलं.