कागदावर चौसष्ट

३ नोव्हेंबर, नांदुरा

आले बाई एकदाची! साखरखेर्ड्याहून बस बदलून बदलून कंबर मोडली, पण घर झकास. भगवंतराव ब्याऐंशीचे, खाटेवर पडून, पण जीभ शाबूत. मला पाहताच म्हणाले, नर्सबाई आली का जेलर? मुलगा सहदेव, सून अर्पिता, दोघंही मायाळू. त्यांना पासष्टच्या आतली बाई हवी होती. कागदावर मी, वंदना, चौसष्टची. उशिरा शाळेत घातलं, तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख एक जून अन् वर्ष सहा-सात पुढचं ठोकून दिलं; खरी सत्तर उलटली. कोणी विचारलं नाही, मग सांगू काऊन?

६ नोव्हेंबर

भगवंतरावांना लघवीचा संसर्ग, ताप १०१. रिकाम्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, त्या बाईले बसाले पाट दे. मी डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, म्हातारपणी मेंदूतल्या राखणदार पेशी आधीच चिडखोर झालेल्या असतात. अंगात कुठंही संसर्ग झाला की त्या मेंदूतच दाह पेटवतात, अन् लवकर विझू देत नाहीत. माणूस नाही ते पाहतो, आपल्याच माणसावर उठतो. सत्तरीनंतर फार जपायचं. मी मान डोलावली, माझं वय काही सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर

त्यांचा ताप उतरला. डोकं लख्ख, पुन्हा थट्टा सुरू. मला मात्र कसकस, लघवीला जळजळ. डॉक्टरकडे गेले तर वय निघेल, नोकरी जाईल. मग खाऊ काय, माती? अंगावर काढते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहदेव-अर्पिता दर्शनाला शेगावला. संध्याकाळी येतील. ताप १०३. कोपऱ्यात बाई उभी आहे. भगवंतरावांना विचारलं. म्हणाले, कोणीच नाही, तूच तापलीस, सहदेवले फोन लाव. फोन कुठं ठेवला—

दुपार

बाई म्हणते, खाटेवरचा हा भगवंतराव नाही. खरंच नाही. त्यांचाच चष्मा लावून बसलाय, लबाड! दाराला कडी घातली. फोन पाण्याच्या बादलीत टाकला.

तो रडतोय. वंदनाबाई, मीच आहो, म्हणतो. पाणी मागतो. कीव येते. पण मग माझे भगवंतराव कुठं? मी सांभाळायला आलेय त्यांना—

बाई सांगते, याचं तोंड झाक, खरे आपोआप हाक मारतील.

उशी त्याच्या तोंडावर ठेवून कोपरानं दाबलीय, दुसऱ्या हातानं लिहितेय. किती हलका माणूस. हात झाडतोय. थांब ना रे, ऐकू दे, ते हाक—