काठोकाठ पियाला

आयजमालताई,

तू बिश्केकला गेलीस आणि इकडे ओयनिसो पुन्हा शाळेत आली. गावाबाहेरच्या लुली वस्तीतली, त्या भटक्या म्हणून हिणवलेल्या लोकांतली, शराफतची आई. मुलीचं नाव पहिलीत घाला म्हणाली.

गेली दोन वर्षं तू हेडबाई म्हणून तिला आपल्या खोलीत बसवतेस, हसून बोलतेस आणि पियाला काठोकाठ भरायला लावतेस. पाहुणा थांबावा असं वाटलं तर आपण चहा अर्धाच ओततो, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून; काठोकाठ म्हणजे 'आता निघा', हे तिलाही कळतं. ती एक घोट घेऊन उठते. मग तू म्हणतेस, "मी कुठे नाही म्हटलं? चहा पाजूनच पाठवलं की!"

किटली दरवेळी माझ्या हातात होती, ताई. माझ्याच पहिलीच्या वर्गात चार बाकं रिकामी होती, तरी मी काठोकाठ ओतत राहिले.

मॉस्कोत आपल्या भावाला, एर्नीसला, चेहरा बघून कुणी भाड्यानं खोली दिली नाही, तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस. आपला तेवढा चेहरा, आणि या लुलींचा नाही?

काल मी तिला अर्धा पियाला दिला. ती बघतच राहिली.

"बाई, चहा संपला का?"

"नाही. बसा."

चौथ्या पियाल्याला शराफतचं नाव हजेरीपटावर चढलं. शाईनं लिहिलंय. खोडलंस तर सगळ्या शाळेला दिसेल.

हे पत्र मी टाकणार नाही. शुक्रवारी तू येशीलच. ते नाव काढ म्हणालीस, तर मी भांडणार नाही. हसून बोलेन, आणि तुझा पियाला काठोकाठ भरीन.

तुझी धाकटी,
बुरुल