तिच्या नंबरची काच

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरणांचे नऊही फोटो संपादकांकडून परत आले. डोळे धूसर आहेत, छापता येणार नाहीत, एवढंच त्यांनी कळवलं. त्यांचंच काही चुकलं असेल म्हणून लॅबवाल्या बाईंना दाखवले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि त्याही तेच म्हणाल्या. नाकासमोरचं गवत पातं न् पातं मोजून घ्यावं, आणि डोळा मात्र लोण्याचा.

तुला ठाऊकच आहे, एकाच कळपातल्या चाळीस हरणांचे चेहरे, पानाला एक, असं हिचं पुस्तक. एकतीस करून ही कायमची गेली. उरलेले नऊ मी अंगावर घेतले. महिनाअखेर झाले नाहीत तर संपादक ३१ तारखेला दुसरा फोटोग्राफर पाठवणार आहेत. पुस्तक हिचं आणि शेवटची पानं कुणा परक्याची, हे मला सोसणार नाही.

सगळं हिच्यासारखंच करतो गं. कॅमेरा तोच, लांब लेन्स तीच. उजाडताना गाडी ओढ्याकाठी लावायची, इंजिन बंद, खिडकीत वाळूची पिशवी आणि तिच्यावर लेन्स. नऊनंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते, की आवरायचं. मग अख्खा दिवस अंगावर येतो. विश्रामगृहाच्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर मी रोलच्या डब्या मांडून ठेवल्यात, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

सोबत नऊ फोटो पाठवतो. तू निम्मं आयुष्य स्टुडिओत घालवलंस. काय चुकतंय ते सांग, आणि लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा

—

९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पन्नाशी ओलांडलीस म्हणून मायना बदलेन, असं समजू नकोस.

आज स्टुडिओत दोनच गिऱ्हाइकं आली, दोन्ही पासपोर्ट फोटोची. दुसरा ऐन वेळी हसला, त्याचा पुन्हा काढावा लागला. बाकी दिवसभर तुझीच हरणं टेबलावर होती. हात हलला असता तर गवतही फरफटलं असतं. ते स्वच्छ आहे, म्हणजे फोकस डोळ्यापर्यंत पोचतच नाही, हातभर अलीकडेच बसतो. चूक हाताची नाही, नजरेची आहे. बाबा सांगायचे ते आठव: जवळचा डोळा, त्यातही पापणी, ती धरली की चेहरा आपोआप येतो.

तेव्हा आधी डोळे तपासून घे. चष्मा लागला तर काही रुबाब कमी होत नाही, मुळात होता कुठे? आणि एक नीट लिही. कॅमेऱ्याला डोळा लावलास की तुला नक्की काय दिसतं?

जेवणाची आबाळ करू नकोस. चार ओळी का होईना, पण लिहीत जा.

तुझी,
ताई

—

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लांबची नजर उत्तम असल्याचं सांगितलं. वाचायला तेवढा चष्मा दिलाय.

काय दिसतं म्हणून विचारलंस. खरं सांगतो, धुकं दिसतं, पहिल्या दिवसापासून. डोळा लावायच्या काचेशेजारी एक बारीक चाक आहे. ही चष्मा कपाळावर चढवून फोटो काढायची, म्हणून ते चाक हिच्या नंबरावर फिरवलेलं आहे. हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावलीय. एकदा मी डोकावून सगळं पुसट दिसतंय म्हणालो, तर म्हणाली, तुमचं काम स्टँड उचलायचं, द्या इकडे.

ती पट्टी मी काढणार नाही. तिच्या कडेला हिच्या नखाची खूण आहे. ही जिथून बघायची तिथूनच मी बघतो, एवढंच आता माझ्याकडे उरलंय. लेन्सवरचे अंतराचे आकडे पाहून अंदाजाने फोकस लावतो. जमेल हळूहळू. त्यावर काही बोलू नकोस, एवढी माया कर.

तुझा,
धाकटा

—

१९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुला रागावून लिहिलेले दोन कागद फाडले. हा तिसरा.

तुझ्या चष्मेबाईने मला दिलेला चौथ्या हरणाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि भिंगाखाली धरला. त्या डोळ्यात गाडी दिसते, खिडकी दिसते. एकेक पापणी सुटी आहे. अरे, तिने त्या काचेतून धुकं कधी पाहिलंच नाही. त्या नंबरावर तिला सगळं लख्ख दिसायचं, म्हणून तर तिने तो पक्का केला. धुकं तुझ्या वाट्याचं आहे, आणि तू ते तिचं म्हणून जपतोयस. तिला हे कळलं असतं तर तिने तुला गाडीतून खाली उतरवलं असतं.

पट्टी फेकू नकोस हवी तर, वहीत चिकटव. पण चाक फिरव. अंदाजाने नऊ पानं होत नाहीत, आणि ३१ तारीख काही थांबायची नाही.

इथे दारावरची घंटी किणकिणली की मी उठते. बहुतेकदा वारा असतो. तुझं पत्र असलं की दिवस निघतो, तेव्हा माझ्यावर रुसून बसू नकोस.

तुझी,
ताई

—

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ फोटो झाले. लॅबवाल्या बाईंनी प्रत्येकावर भिंग धरलं आणि आठही डोळे लख्ख असल्याचं सांगितलं. संपादकांकडे त्यांनीच परस्पर पाठवले.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत बसून पट्टी सोडवली. निघेना, नखाने खरवडावी लागली, आणि त्यात हिची खूण गेली. वहीत चिकटवण्याजोगं काही उरलं नाही. मग चाक फिरवलं. समोर एक तरुण नर उभा होता. त्याची पापणी दिसली, पापणीवरचं कुसळ दिसलं, डोळ्याखाली बसलेली माशी दिसली. मी नुसता बघत राहिलो, बटण दाबायचंच राहिलं. तो निघून गेला. इतकं दिसत असताना ही इतकी वर्षं गप्प कशी बसायची कोण जाणे. मला तर शेजारी कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

आता एक उरली, फाटक्या कानाची म्हातारी मादी. कळप तिला मागे टाकून पुढे जातो आणि ती आपली सवडीने येते. दोन दिवस ती आली, दोन्ही दिवस वारा माझ्याकडून तिच्याकडे होता. वास लागला की ती वळते. फोटोग्राफरला पाठवू नका, असं संपादकांना अजून लिहिलेलं नाही. तिचा झाला की लिहीन. मग रखवालदार खोलीची किल्ली घेऊन जाईल. पुढचं काही ठरवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर भीती त्याचीच वाटते.

दुपारपासून वारा फिरलाय. असाच राहिला तर उद्या साडेसहापर्यंत ती पाण्यावर येईल. मी सहाला तिथे असेन.

मनातून मला उतरवू नकोस.

तुझा,
धाकटा