हम्मोचं खेचर कुणाचं?

प्रिय बतूल,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मेकनेससारख्या शहरात गेल्यावर माणसं बहिरी होतात वाटतं! म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. डोकं इतकं फिरलंय की मघाशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तसाच प्यायले.

मिदेल्तला नव्या शिक्षकांना तयार करायची जागा निघाली आहे, ते तुला माहीत असेलच. ती मला हवी आहे, मोठेपणासाठी नाही. इम्माला, माझ्या आईला, आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. मागच्या आठवड्यात तिने उकळत्या किटलीवर हात ठेवला. ती एकटी मिदेल्तात आणि मी इथे डोंगरात, मध्ये चार तासांचा रस्ता, तोही बर्फ नसेल तर. जागेसाठी तपासनीस साहेबांची शिफारस लागते. म्हणजे आपल्या सी बूअझ्झांची.

तर सी बूअझ्झांनी यंदा नवीनच टूम काढली आहे. प्रत्येकाने मोफत शैक्षणिक संकेतस्थळं वापरायची. यादीच दिली हातात. मीही म्हटलं, बरं झालं, रोज प्रत्येक पाठाचं टाचण लिहून बोटं मोडतात, तेवढं तरी वाचेल. शाळेमागच्या टाकीवर चढलं की मोबाइलला दोन रेघा येतात, तिथे उभी राहून सगळी पाहिली. एका ठिकाणी पोरं सरकत्या जिन्यावरून बेरीज शिकतात. माझ्या पोरांनी साधा जिना पाहिलेला नाही! दुसरं फुकट म्हणून आत घेतं आणि तिसऱ्या पानावर बँकेचं कार्ड मागतं. तिसऱ्यावर गाणं उघडेपर्यंत शाळा सुटते. आणि एका खोलीत दुसरी आणि तिसरी एकत्र बसवून कसं शिकवायचं, हे कुणीच सांगत नाही. जळ्ळं मेलं ते फुकट, असं झालं.

मग यादीतलं शेवटचं उघडलं. ते तुझं. खरं सांगते, आधी आनंदच झाला. दोन इयत्ता एकत्र, दुसरीला चित्र, तिसरीला तोच हिशेब, सगळं कसं नीट. मग पुढे वाचत गेले. हम्मोच्या खेचरावर दोन टोपल्या सफरचंदं. तूदाच्या आईने विणलेल्या गालिच्यातले चौकोन. अगं, ही माझी टाचणं, बतूल! तू या शाळेत होतीस ते तीन हिवाळे आपण एका शेगडीला पाय लावून बसायचो, मी लिहायचे, तू वाचून हसायचीस. जाताना वह्या मागितल्यास, "टाइप करून दोघींच्या नावाने ठेवते," म्हणालीस. मी सगळ्या बांधून दिल्या, एकही ठेवली नाही. इतकी कशी मी बावळट! दोनशे टाचणं, आणि प्रत्येकाखाली तुझ्या एकटीचं नाव.

तेही मी गिळलं असतं. पण मंगळवारी सी बूअझ्झा तपासणीला आले. तीच टाचणं आठवून पुन्हा लिहिलेली माझी यंदाची वही एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. म्हणाले, "इट्टोबाई, चोरायचं तर चोरा, पण निदान नावं तरी बदला! हम्मो आणि तूदा जसेच्या तसे?" नाव ऐकून पहिल्या बाकावरचा हम्मो उभाच राहिला. मी म्हटलं, "साहेब, हा बघा हम्मो, याच्याच घरचं खेचर ते." तर साहेब म्हणतात, "डोंगरात दर घराला एक हम्मो असतो." आणि पोरांसमोर शेरा लिहिला: दुसऱ्याचं काम उतरवते. हम्मोने नंतर हळूच विचारलं, "बाई, माझं खेचर कुणी नेलं?"

राग कितीही आला तरी ती पानं काढून टाक असं म्हणणार नाही. कुठल्याशा वाळवंटातल्या एका मास्तरने खाली लिहिलंय की पहिल्यांदाच त्याच्या दोन्ही इयत्ता गप्प बसून शिकल्या. ते वाचून रडले मी. राहू दे सगळ्यांना फुकट.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी इतकी फोड करून का सांगते आहे, असं वाटलं असेल तुला. हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक प्रत आज टॅक्सीवाल्या मोहाच्या हाती तुझ्याकडे. दुसरी माझ्या पिशवीत आहे, पाकिटावर सी बूअझ्झांचं नाव. सोमवारी सकाळी त्यांची कचेरी उघडते. त्याआधी तू स्वतः त्यांना फोन करून टाचणं कुणाची ते सांगितलंस, तर ती मी फाडून टाकीन आणि कुणालाही, अगदी इम्मालाही, कधी काही कळणार नाही. तुला चार दिवस दिले आहेत, बतूल. दुसऱ्या कुणाला एकही दिला नसता.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
इट्टो