मोझेलकाठचं स्थळ

सिंगापूर,
४ मे २०१४

चि. दीनानाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

सुरेखाचा गुडघा कसा आहे? तेल चोळते का डबी नुसती फळीवर ठेवली आहे? तुझी ढास थांबली का? गंधक मारताना तोंडाला फडकं बांधत नाहीस, हे मला इथे बसूनही कळतं. द्राक्षांच्या खरड छाटणीनंतर फूट एकसारखी निघाली का, तेही लिही. इथे रुचिर, सूनबाई उल्का, नात आर्या सगळे ठीक. माझी साखर ताब्यात आहे, जीभ नाही.

आता मुद्द्याचं. दोन महिने तू माझा फोन घेतला नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद तुला फोनसारखा वाजत ठेवता येणार नाही. तुमच्या जाईला मी बिघडवलं, असं तू सुरेखाजवळ म्हणालास. ती तीन वर्षं माझ्याकडे राहिली, हे खरं. पहाटे डबा घेऊन खाली उतरायची आणि जुरोंग आयलंडच्या कंपनीबसनं कामाला जायची. त्याच कंपनीनं तिला जर्मनीला पाठवलं आणि तिथे तिला योनास भेटला. यात माझा हात पोळ्या लाटण्यापुरताच होता. पण तुझ्या भरवशाची जबाबदारी मी झटकत नाही.

जूनमध्ये आर्याच्या शाळेला सुट्टी आहे. रुचिर आम्हां सगळ्यांना दहा दिवस जर्मनीला नेतो आहे. ऱ्हाइन नदी, मोझेल नदी, जुनी शहरं, किल्ले, असा बेत आहे. योनासचं घर मोझेलच्या काठावर आहे. तेव्हा घर बघून येते. आई जशी बघायची तसंच, सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी, न कळवता.

पोरीनं पंचवीस जुलैला नोंदणी लग्न ठरवलं आहे. तू ये की नको येऊ, मी आत्ता काही म्हणत नाही. माझं पुढचं पत्र शेवटपर्यंत वाचशील, एवढं कबूल कर.

तुझी,
अरुणाक्का

तासगाव,
१७ मे २०१४

ती. आक्काच्या पायी दीनानाथचा नमस्कार.

पत्र पोचलं. ढास आहे, गुडघा आहे, फूट चांगली निघाली. तेल फळीवरच आहे.

तू खुशाल जा. किल्ले बघ, नद्या बघ, फोटो काढ. पंचाहत्तरीला आलीस तरी पायाला भिंगरी आहे, त्याचं मला कौतुकच वाटतं. पण माझं म्हणणं बदलणार नाही. पोरगा परका आहे, याचं मला काही वाटत नाही. तो वाइन गाळतो, याचं वाटतं. आपले थोरले बंधू अण्णा पिऊन पडले की त्यांना गोठ्यातून कुणी उचलून आणायचं? तू आणि मी. तू डोकं धरायचीस, मी पाय. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दोन वर्षांमागे वाइनच्या कारखान्याचा माणूस माझी द्राक्षं मागायला बांधावर आला होता. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. जिथे मी द्राक्ष दिलं नाही, तिथे मुलगी कशी देऊ?

बाकी, त्या डोंगराच्या उतारावर बागेला पाणी कसं देतात, तेवढं बघून ये. नुसती माहिती म्हणून विचारतो.

दीनानाथ

वन्सं, हे बाहेर गेले आहेत म्हणून दोन ओळी लिहिते. मुलाच्या आईचे हात बघून या. मला दुसरं काही नको. — सुरेखा

सिंगापूर,
१४ जून २०१४

चि. दीनानाथ आणि सौ. सुरेखा, दोघांना मनापासून आशीर्वाद.

परवा सुखरूप परतलो. तोंडाला अजून पावाची चव आहे. काल वरणभात खाल्ला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं.

आधी गाव सांगते. कोब्लेन्झला मोझेल येऊन ऱ्हाइनला मिळते. हरिपूरच्या संगमावर उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त दोन्ही पाण्यांना शिस्त जरा जास्त. ट्रियर शहरात रोमन लोकांची काळी वेस आहे. दगडावर दगड ठेवलेत आणि मधे चुना नाही. हे लोक ती धूत का नाहीत, असं आर्यानं विचारलं आणि पुढे तिचं ते सिंगापुरी ‘लाह’ जोडलं. नदीकाठच्या घरांच्या कोपऱ्यांवर पुराच्या रेघा आणि वर्षं कोरली आहेत. एक रेघ माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. सांगलीत आयर्विन पुलाची पूरपट्टी बघत आपण उभे राहायचो, त्याची आठवण झाली. पुराच्या गावचे लोक आहेत, म्हटलं, यांना सोसायची सवय असणार.

बोलावणं बुधवारचं होतं, मी मंगळवारी रुचिरला गाडी काढायला लावली. जाईला पत्ता नाही. बाग त्यांच्या देवळामागे, चर्चमागे आहे एवढं तिच्या बोलण्यातून ठाऊक होतं. उल्काचे बूट घालून, पदर खोचून चढले. दीनानाथ, तो उतार घराच्या कौलांसारखा आहे. माती कमी आणि दगडच फार, काळे, पातळ. आपण ज्या पाटीवर बाराखडी गिरवली तोच हा दगड, हाताला ऊन लागतो. मांडव नाही. प्रत्येक वेलाला एकच खांब, आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. पाणी देतच नाहीत. मुळं दगडांच्या फटींतून खोल जातात आणि आपलं आपण बघतात. तुझ्या माहितीसाठी.

तर एका ओळीत खोडांवर वांझ फुटी तशाच राहिलेल्या दिसल्या. माझे हात कुठले स्वस्थ बसतात? काढायला लागले. दहा-बारा वेल झाले असतील, तर वरून आवाज आला. लाल चेहऱ्याची, कमरेला कात्री लावलेली एक बाई माझ्यावर तिच्या भाषेत चांगलीच तापली होती. मी फुटी ओंजळीत धरून चोरासारखी उभी. ती खाली उतरली आणि वेलापाशी वाकली. एक बघितला, दोन बघितले, पाचवा बघितला. मग माझा अंगठा धरून उलटा केला, खिशातून हातमोजे काढून मला दिले आणि स्वतः शेजारच्या ओळीला लागली. एका ठिकाणी मात्र तिनं माझा हात बाजूला सारला. खोडाजवळची एक फूट ते पुढच्या वर्षासाठी ठेवतात, आपण मांडवामुळे इतकी खाली ठेवत नाही. तेवढी एक चूक सोडली तर ओळ मी पुरी केली. खालून रुचिर हाका मारत होता, त्याला हातानंच थांब म्हटलं.

थोड्या वेळानं जाई पाण्याचा डबा घेऊन वर आली. मला बघून तिनं डबा दगडावरच टेकवला. तिनं मी कोण ते सांगितल्यावर ती बाई इतकी हसली की टोपी पडली. ती हेडविग, योनासची आई. नवरा सहा वर्षांमागे गेला, माय-लेक मिळून बाग करतात. सुरेखा, तिचे हात बघितले. अंगठ्याला भेग, नखांत काळी रेघ. दीनानाथच्या हातांशेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र वाचतो आहेस ते. रात्रीच्या जेवणाआधी जाईनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “आत्या, बाबांना खरं लिही. गोड करून लिहू नकोस.”

म्हणून खरं लिहिते. पितात. तळघरात योनास चव घेऊन थुंकून टाकतो, तो धंद्याचा भाग. जेवताना मात्र पितो. मी मोजत होते, दोन पेले घेतले. मग उठून भांडी घासली आणि सकाळी फवारणीचं यंत्र काढायचं म्हणून निजायला गेला. हेडविगला मी जाईमार्फत सरळ विचारलं, तुमच्या घरात याच्यापायी कुणी वाया गेलं का? ती म्हणाली, तिचा धाकटा भाऊ. तळघराची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली होती, तरी गेला. त्याचा फोटो जेवणाच्या टेबलावर आहे आणि योनासला लहानपणापासून सगळं सांगितलेलं आहे.

दीनानाथ, आपल्याकडे अण्णांचं नाव निघालं की जेवण थांबायचं. बाटली कडब्यात असायची आणि आपण सगळे ती नाही असं समजून वागायचो. त्यांना पिण्यानं नेलं, आणि आपल्या गप्प राहण्यानंही थोडं नेलं, असं मला त्या टेबलाशी बसून वाटलं. तुला राग येईल, येऊ दे.

योनासची हमी मी देणार नाही. माणसाची हमी कुणी द्यावी? एवढंच सांगते की त्या घरात झाकून काही ठेवत नाहीत, राबतात, आणि आपली पोर तिथे मोठ्यानं हसते. घर मला पसंत आहे. वडील मात्र तू आहेस.

माया कमी करू नकोस.

अरुणाक्का

तासगाव,
१ जुलै २०१४

ती. आक्कास दीनानाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अण्णांविषयी लिहिलंस तिथे पहिल्यांदा थांबलो आणि बागेत गेलो. राग आला होता. संध्याकाळी सुरेखानं विचारलं तेव्हा तिला गोठ्याची हकिकत पहिल्यापासून सांगितली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी तिला ती कधी सांगितली नव्हती. तिनं उठून चहा टाकला.

तू हमी दिली असतीस तर मी पत्र फाडून टाकलं असतं. दोन पेले लिहिलेस म्हणून बाकीचं सगळं खरं धरलं.

परवा जाईला फोन केला. फार बोलणं झालं नाही. तिनं काड्या किती ठेवल्या ते विचारलं, मी सांगितलं. मग पाणी न देता ते एकरी माल किती काढतात ते मी विचारलं, तिनं सांगितलं. आपल्या निम्माही नाही. फोन ठेवताना दोघांनाही जड गेलं.

पंचवीस जुलै मला जमणार नाही. काल आम्ही दोघं पुण्याला जाऊन पासपोर्टचा अर्ज देऊन आलो, तो यायला वेळ लागेल. तेव्हा तारीख पुढे ढकला. सप्टेंबर संपताना त्यांची तोडणी सुरू होते, असं जाई म्हणाली, आणि ऑक्टोबरात माझी गोडी छाटणी. ऑगस्टअखेर दोन्ही घरांचे हात मोकळे असतात. हेडविगबाईंना विचार. मी पेल्याला हात लावणार नाही, मला कुणी आग्रह करू नये, हेही आधीच सांगून ठेव.

व्हिसाच्या अर्जात जायचं कारण भरायचं असतं, असं पुण्याचा एजंट म्हणत होता. त्यानं आपल्याच मनानं पर्यटन लिहायला घेतलं. ते मी खोडायला लावलं. रुचिरला विचारून मला नीट इंग्रजीत लिहून पाठव: मुलीचं लग्न आहे, वडील येत आहेत.

सुरेखा तुला नमस्कार सांगते. पत्र मिळताच उत्तर टाक, मी वाट बघतो आहे.

तुझा,
दीनानाथ